छंद आपला, ओझं कुणाचं?



घर बदलताना घरात नेमकं काय काय आहे ते कळतं. भांडी, कपडे, पलंग, फ्रीज यांचा हिशोब सोपा असतो. ते लागतंच, म्हणून ते जाणारच. वाद सुरू होतो तो छंदाच्या सामानावरून. कुणाकडे पुस्तकांची कपाटं असतात, कुणाकडे व्यायामाची लोखंडी वजनं. कुणी गच्चीवर शंभर कुंड्या लावलेल्या असतात, तर कुणी नदीकाठचे दगड गोळा केलेले असतात. यातलं काहीच रोजच्या स्वयंपाकाला लागत नाही आणि हे सगळं भलतंच जड असतं. शेजारच्या गल्लीत जायचं असेल तर चार खेपा मारून निभावता येतं. पण सहाशे किलोमीटर जायचं असेल तेव्हा प्रत्येक किलोला जाब द्यावा लागतो.

माझ्याकडे हे ओझं होतं ग्रामोफोनच्या तबकड्यांचं. पत्नी नोकरीतून निवृत्त झाली आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही सोलापूर सोडून नागपूरला लेकीजवळ राहायला गेलो. त्या निमित्तानं जे शिकलो, ते आज तुमच्यासमोर ठेवतो. तुमचा छंद वेगळा असेल, पण वजनाचं गणित सारखंच आहे.

आधी या तबकडीची ओळख करून देतो, कारण ऐकणाऱ्यांत अनेकांनी ती हातात धरलेली नसेल. मिनिटाला ७८ फेरे घेणारी, दहा इंच व्यासाची, काळी कुळकुळीत. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. वजन साधारण दोनशे ग्रॅम. हातातून पडली तर बशीसारखी फुटते, कारण ती प्लॅस्टिकची नसून लाखेची असते. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर किडे लाख तयार करतात. ती शुद्ध करून तिचा चपडा बनवायचा, त्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळायची आणि गरम साच्यात दाबायची, की झाली तबकडी. म्हणजे पोस्टाच्या पार्सलावरची मोहर, कासाराकडच्या लाखेच्या बांगड्या, सुताराचं पॉलिश आणि बालगंधर्वांचं गाणं ही सगळी एकाच किड्याची देणगी. दगडाची पूड असल्यामुळे ती जड आणि लाख असल्यामुळे ठिसूळ. सामान हलवणाऱ्याला याहून वाईट जोडी मिळणं कठीण.

गंमत अशी, की या तबकड्यांचा जन्मच लांबच्या प्रवासातून झाला. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला आणि त्यानं आपल्याकडच्या गायकांचे आवाज मेणावर टिपले. ते मेण बोटीनं जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेलं. तिथल्या कारखान्यात तबकड्या दाबल्या गेल्या आणि पुन्हा बोटीनं हिंदुस्थानात विकायला आल्या. लाखही इथलीच, आवाजही इथलाच. पण दोन्ही समुद्र ओलांडून गेले आणि एक होऊन परतले. गौहर जान प्रत्येक गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या. त्याचं कारण असं सांगतात, की हॅनोव्हरच्या कामगारांना भाषा कळत नव्हती, तेव्हा कुठल्या तबकडीवर कुणाचं नाव चिकटवायचं हे त्यांना समजावं. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि हा फेरा थांबला.

माझ्या संग्रहाची सुरुवात अब्बांपासून झाली. ते सोलापूरच्या गिरणीत कामाला होते. चावीचा फोनो त्यांनी जुना घेतला होता. तबकड्या पगाराच्या दिवशी एकेक करून येत. कव्वाली आणि नाट्यगीत एकाच फळीवर राहत. त्यांचं सगळ्यात लाडकं दैवत म्हणजे किराण्याचे अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब मिरजेला स्थायिक झाले आणि १९३७ मध्ये गेल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांनी मराठी पदंही गायली. उत्तरेतून आलेला मुसलमान गवई मराठी शब्द कसे जपून उच्चारतो, ते ऐक, असं अब्बा मला सांगत. पुढे मी मराठीत कविता लिहायला लागलो, त्यात त्या तबकडीचा वाटा आहे असं मला वाटतं. अब्बांनंतर मी भर घातली. पुण्याच्या जुन्या बाजारातून, मुंबईच्या चोरबाजारातून, मोडीत निघालेल्या वाड्यांतून. बघता बघता आकडा सहाशेवर गेला.

आता हिशोब करा. सहाशे तबकड्या, प्रत्येकी दोनशे ग्रॅम, म्हणजे एकशे वीस किलो. त्यावर पाकिटं, फोनो, पिनांच्या डब्या. सगळं मिळून दीडशे किलोच्या घरात. आणि त्यात गाणं किती? सहाशेच्या दोन्ही बाजू धरून बाराशे बाजू, तीन तीन मिनिटांच्या. म्हणजे साठ तास. लेक फोनवर म्हणाली, "अब्बा, साठ तासांचं गाणं नखाएवढ्या कार्डात मावतं. तुम्ही दीडशे किलो कशाला वाहून आणताय?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. ज्या गाण्यासाठी आपण तबकडी जपतो, ते गाणं बहुतेक वेळा आज कुठे ना कुठे ऐकायला मिळतं. मग उरतं काय? उरतो तबकडीवरचा कागद. त्यावर गायकाचं नाव कसं छापलंय, रागाचं नाव दिलंय का, नाटकाचं दिलंय का, क्रमांक काय, ही सगळी माहिती. तो त्या काळाचा दाखलाच असतो. उरते त्या विशिष्ट प्रतीवरची झीज. अब्बांच्या आवडत्या तबकडीची एक बाजू करडी पडली आहे आणि दुसरी अजून चकचकीत आहे. कुठली बाजू घरात जास्त वाजली हे कुठल्याच कार्डात लिहिलेलं नाही. पण सहाशेपैकी किती तबकड्यांबद्दल मला असं काही सांगता आलं असतं? प्रामाणिकपणे मोजलं, तर निम्म्याहून थोड्या जास्त.

तेव्हा आम्ही ठरवलं की प्रत्येक तबकडी एकदा वाजवायची आणि मगच निर्णय घ्यायचा. साठ तास म्हणजे रोज संध्याकाळी दोन तास धरले तर बरोबर एक महिना. पत्नी वही घेऊन बसायची. नाव, क्रमांक, अवस्था आणि शेवटच्या रकान्यात एक अक्षर: 'ने', 'दे' किंवा 'टा'. न्यायची, द्यायची, टाकायची. माझं मन अडखळलं की ती एकच विचारायची, "ही तुम्ही याआधी कधी लावली होती?" उत्तर आलं नाही, तर 'दे'.

महिन्याअखेर 'ने'च्या रकान्यात साडेतीनशे भरल्या. तडा जाऊन सुई अडकणाऱ्या तीसेक निघाल्या. टाकण्याआधी त्यांच्या कागदांची छायाचित्रं काढली. उरलेल्या सव्वादोनशे द्यायच्या होत्या. आणि देणं हे टाकण्यापेक्षा कठीण असतं, हे तेव्हा कळलं. रद्दीवाला लगेच नेतो. योग्य माणूस शोधावा लागतो. मुंबईत १९९० पासून तबकडी-संग्राहकांची संस्था आहे, तिच्याशी जोडलेली माणसं गावोगाव आहेत. जवळपासच्या गावात कुणी गाणं शिकवत असेल, कुणी नाट्यसंगीताचा अभ्यास करत असेल, त्याच्यापर्यंत निरोप पोचवावा. आमच्याकडे बार्शीहून एक निवृत्त शिक्षक आले. त्यांनी चाळीस तबकड्या निवडल्या, म्हणजे आठ किलो, आणि पिशवी मांडीवर घेऊन एसटीनं परत गेले. जाताना म्हणाले, "आता ही माझी काळजी." छंदाच्या सामानाचं असंच असतं. ते देताना वस्तूबरोबर काळजीही द्यायची असते. घेणारा ती घ्यायला तयार असेल, तरच द्यावं.

आता बांधणीकडे येतो. इथे माझे खरे गुरू दोन. एक सुतार आणि एक हमाल.

सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस घर बघायला आला, तेव्हा त्यानं नजरेनं अंदाज बांधला: इतके पलंग, इतकी कपाटं, 'इतर सामान' दहा खोकी. त्याच्या हिशोबात खोकं म्हणजे जागा, आणि त्या जागेत पिसं आहेत की लोखंड याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पण त्याच्यासोबत आलेल्या वयस्क हमालानं एक खोकं सहज उचलायला घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. "चाचा, यात दगड भरलेत का?" मी म्हटलं, "गाणी आहेत." तो हसला आणि म्हणाला, "गाणी असू द्या, पण लहान खोक्यात भरा. मोठं खोकं दिसलं की माणूस त्याला हलकं समजतो आणि मग कंबर जाते."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. जड वस्तू लहान खोक्यात, हलकी वस्तू मोठ्या खोक्यात. पुस्तकांचं हेच, व्यायामाच्या वजनांचं हेच, मातीच्या भांड्यांचंही हेच. आपण उलटं करतो. मोठं खोकं मिळालं की त्यात सगळी पुस्तकं कोंबतो आणि 'संपलं एकदाचं' म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. ते उचलणारा मात्र दुसराच असतो. आपल्या राज्यात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, तो पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना कामाची हमी आणि संरक्षण मिळावं म्हणून. त्याआधी १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं शिफारस केली होती, की प्रौढ पुरुषानं नेहमीच्या कामात ५५ किलोपेक्षा जास्त ओझं उचलू नये. पूर्वी शंभर किलोचं असणारं धान्याचं पोतं पुढे पन्नास किलोवर आलं, तेही याच विचारातून. बाजारातल्या पोत्याला मर्यादा आली. आपल्या घरातल्या खोक्याला मर्यादा कोण घालणार? ती आपणच घालायची. मी ठरवलं की एकही पेटी पंधरा किलोच्या वर जाणार नाही. सामान न्यायला येणाऱ्या माणसाच्या नाही, माझ्या पत्नीच्या हातांनी उचलता आली पाहिजे.

सुताराला मी तबकडी दाखवली. तिची कड नखानं खरवडून तो म्हणाला, "हा तर चपडा!" लगेच एक ताकीदही दिली: "स्पिरिटनं पुसू नका, विरघळेल." जे तो पॉलिश करताना रोज मुद्दाम करतो, ते तबकडीला मारक. प्लायवूडच्या सात पेट्या त्यानं केल्या, आत तबकडीपेक्षा थोडी जास्त जागा ठेवून, दोन्ही बाजूंना दोरीचे कान लावून. एका पेटीत पन्नास तबकड्या. पेटीसकट वजन तेरा-चौदा किलो.

तबकडी नेहमी उभी ठेवायची. आडव्या थप्पीत खालच्या तबकडीवर सगळ्यांचा भार येतो आणि ट्रकच्या एका हादऱ्यानं ती तडकते. पण उभी म्हणजे सरळ उभी, कललेली नाही. पेटीत मोकळी जागा राहिली तर त्या डुलतात, म्हणून फट भरायची. मात्र कोंबून भरायची नाही. दहा इंची आणि बारा इंची एकत्र ठेवायच्या नाहीत, मोठीची कड आधाराशिवाय राहते आणि तिथेच मोडते. तळाला आणि बाजूंना मऊ काहीतरी हवं. सोलापूरकराला याची काय चिंता! घरात चादरींचा ढीग होताच. त्याही न्यायच्या होत्या, तेव्हा वेगळं वजन वाढलं नाही. छंदाचं जड सामान बांधायला घरातलीच चादर, टॉवेल, गोधडी वापरावी, हा साधा हिशोब. पेटीवर मोठ्या अक्षरांत 'उभी ठेवा' आणि वजनाचा आकडा लिहिला. आकडा वाचून हमाल खूश झाला. म्हणाला, "उचलायच्या आधीच कळलं की अंगाची तयारी होते."

ट्रकमध्ये ठेवायची जागाही महत्त्वाची. मागच्या चाकांच्या मागे सर्वांत जास्त आदळआपट होते. म्हणून पेट्या ड्रायव्हरच्या केबिनच्या बाजूला, तळाशी, एका ओळीत. त्यांच्यावर फक्त गाद्या-उशा. दुसरं भय उन्हाचं. बंद ट्रक उन्हात तापला, की आतली प्लॅस्टिकची मोठी तबकडी पापडासारखी वाकडी होते. लाखेचीही उन्हात खैर नसते. म्हणून ट्रक दुपार कलल्यावर निघाला आणि रात्रभर चालला. नुकसानभरपाईचा विमा उतरवायचा असेल, तर 'जुनं सामान' असं मोघम लिहून काही हाती लागत नाही. यादी, छायाचित्रं आणि प्रत्येक वस्तूची किंमत लिहावी लागते. आमची महिनाभराची वही इथे कामाला आली.

इतर छंदवाल्यांसाठी दोन शब्द. बागवाल्यांनी माती नेऊ नये. नवी माती सगळीकडे मिळते. फांद्या, कंद, बिया न्याव्यात, कुंड्या शेजाऱ्यांना द्याव्यात. चित्रकारांनी टर्पेंटाइनच्या बाटल्या ट्रकमध्ये ठेवू नयेत, त्या पेट घेतात. पुस्तकवाल्यांना थोडी थोडी पुस्तकं टपालानंही पाठवता येतात. वर्षानुवर्षं चालत आलेली नोंदणीकृत पुस्तकांची स्वस्त टपालसेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा वाचनालयं आणि लहान प्रकाशक हळहळले. त्यानंतर १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू झाली, तिच्यात पाच किलोपर्यंतचं पुडकं जातं. रेल्वेनं जात असाल तर शयनयान डब्यात माणशी चाळीस किलो सामान मोफत नेता येतं. घरात चार माणसं असतील तर एकशे साठ किलो झाले. अर्थात ते चढवणार-उतरवणार कोण, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

आम्ही ट्रकमागून गाडीनं निघालो. तुळजापूर, लातूर, नांदेड मागे पडलं. यवतमाळ ओलांडताना उजाडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुललेला दिसला. पानं नाहीत, नुसती केशरी फुलं. याच झाडाच्या फांद्यांवर लाख धरते. गोंदिया-गडचिरोलीकडे आजही लाखेचं उत्पादन घेतात. पुढच्या ट्रकमध्ये सात पेट्या लाख चालली होती, पाऊणशे-शंभर वर्षांपूर्वी अशाच कुठल्यातरी रानातून निघालेली, कलकत्त्याचा कारखाना बघून सोलापूरच्या एका गिरणी कामगाराच्या घरी आलेली. पत्नी म्हणाली, "माहेरी निघाल्यात."

नागपूरला पेट्या उघडल्या. साडेतीनशेपैकी तीन फुटल्या होत्या. तिन्हींना आधीच केसभर तडे होते. बाकी सगळ्या सुखरूप. लेकीनं एक पेटी स्वतः उचलून खोलीत नेली. तिला ती उचलता आली, याचा मला फार आनंद झाला. कारण उद्या कधीतरी हे ओझं तिच्याकडेच जाणार आहे. तेव्हा ते तिला पेलावं, आणि वही उघडली की काय ठेवायचं आणि काय द्यायचं हे तिला कळावं, इतकी व्यवस्था आपण करून ठेवायला हवी.

आम्हा गझल लिहिणाऱ्यांमध्ये 'वजन' हा शब्द वृत्ताच्या मापासाठी वापरतात. ओळीत एक मात्रा जास्त झाली, तरी ऐकणाऱ्याच्या कानाला खटकते. कितीही लाडका शब्द असला तरी तो काढावा लागतो आणि उरलेली ओळ त्यानंतर नीट उभी राहते. छंदाच्या सामानालाही हेच माप लावता येतं. छंद जड असायला हरकत नाही. हलका छंद हवा असता तर आपण तिकिटं जमवली असती! पण त्याचं वजन आपल्याला ठाऊक असावं, आकड्यात ठाऊक असावं. ते कुणाच्या पाठीवर जाणार आहे, तेही ठाऊक असावं. घर बदलायची वेळ येवो न येवो, वर्षातून एकदा आपल्या कपाटातली एकेक वस्तू हातात घेऊन बघा. जी उचलताना काहीतरी आठवतं ती ठेवा. जी उचलताना फक्त हात दुखतो, ती ज्याला हवी आहे अशा माणसाच्या हातात द्या.